खिशावरचा निळा डाग

माझ्या बाबांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या खिशावर निळा डाग असायचा. शाईचा नव्हे. शाईचा डाग निदान सुशिक्षित तरी दिसतो, असं आईचं म्हणणं. बाबांच्या खिशात आयोडीनची चिमुकली बाटली असायची आणि तिचं बूच कधीच धड बसायचं नाही. शर्टांना तांदळाची खळ आई स्वतः घालायची. खळीवर आयोडीन सांडलं की निळं होतं. म्हणजे डागाला दोघंही सारखेच जबाबदार होते, पण बोलणी मात्र एकट्या बाबांना खावी लागत.

बाबा भिवंडीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये लॅब मास्टर होते. लूमवरून उतरलेलं कोरं कापड त्यांच्याकडे यायचं. विणताना ताण्याचे, म्हणजे लूमवर उभे ताणलेले, धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ पाजलेली असते. रंगवण्याआधी ती काढावी लागते, नाहीतर कापड रंग धरत नाही. खळ निघाली की नाही हे बघायला बाबा कापडावर आयोडीनचा थेंब टाकत. निळा झाला तर खळ अजून आहे, पिवळट राहिला तर गेली. लहानपणी मला ही परीक्षा फार आवडायची. मी घरातल्या सगळ्या वस्तूंवर थेंब टाकून बघितले होते. भात, बटाटा, कणीक, आजोबांची टोपी. टोपी निळी झाली, आणि मला फटका बसला.

बारावीनंतर मी रसायनशास्त्र घेतलं. तिथे एका पुस्तकात वाचलं की खळीतला स्टार्च आणि कापूस हे दोन्ही एकाच साखरेचे मणी ओवून झालेले असतात. तीच साखर, तसेच मणी, फक्त मण्याला मणी जोडायची तऱ्हा वेगळी. स्टार्चमध्ये प्रत्येक मणी एकाच बाजूला तोंड करून जोडलेला, कापसात एक सुलटा, एक उलटा. बस, एवढाच फरक. आणि तेवढ्यावर आपल्या तोंडातल्या लाळेतला एन्झाइम भात पचवतो आणि कापसाला हातही लावत नाही. मला हे वाचून आनंद वगैरे झाला नाही, राग आला. एवढासा फरक त्याला कळतो कसा? त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि आपल्याला तर दोन सारख्या साड्यांतली महाग कोणती हेही कळत नाही.

हा राग टिकला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईच्या एका संस्थेत पीएचडीला नाव घातलं ते याच प्रश्नासाठी. काचेच्या नळ्यांशी माझा संबंध नव्हता. एन्झाइमच्या प्रत्येक अणूची जागा कुणीतरी आधीच शोधून ठेवलेली होती, आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांतून एन्झाइमच्या पोटातली खाच संगणकात उभी करायची, तिच्यात साखरेची साखळी ठेवायची, आणि अणू एकमेकांना किती ओढतात, किती ढकलतात याचा हिशोब प्रोग्रॅमला करू द्यायचा. साखळी आत सुखात बसली तर आकडा खाली जातो, अडचणीत असली तर वर. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू दिवसभर खोट्या एन्झाइमला खोटा भात भरवतेस." मला त्याहून चांगली व्याख्या आजतागायत सापडलेली नाही.

संस्थेतल्या संगणकावर माझा नंबर क्वचित लागायचा. म्हणून मी धामणकर नाक्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासची दर शुक्रवारची वेळ मागून घेतली. खाली साड्यांचं दुकान, वर क्लास. शुक्रवार का, हे भिवंडीच्या माणसाला सांगावं लागत नाही. शुक्रवारी लूम बंद. एरवी गावात बोलायचं तर ओरडूनच बोलायचं, शुक्रवारी मात्र पाखरांचा आवाज येतो. मुख्य म्हणजे त्या दिवशी व्होल्टेज स्थिर असतं. इतर दिवशी शिफ्ट सुरू झाली की दिवे मान टाकायचे आणि माझा प्रोग्रॅम अर्ध्यात मरायचा. क्लासचे सर आधी फ्लॉपीच्या फटीतली रुई ब्रशने झाडायचे, मग मला खुर्ची द्यायचे. "काय मॅडम, आज काय खायला घालणार?" असं विचारायचे. त्यांनाही आईची व्याख्या कुणीतरी सांगितली होती.

त्याच सुमाराला बाबांनी आयुष्यातलं एकमेव धाडस केलं. त्यांच्याकडे खळ काढायला तेजाब वापरत. पातळ केलेलं ॲसिड, पण ॲसिडच. ते खळ तोडतं, आणि हात जरा ढिला पडला की कापूसही तोडतं. कामगारांचे हात सोलवटायचे, गटारातून वाफ यायची. बाबांनी शेठच्या मागे लागून लागून तेजाबाऐवजी त्याच जातीचा, स्टार्च खाणारा एन्झाइम आणवला. कोमट पाण्यात टाकायचा, जिगर मशीनवर कापड त्यात फिरवायचं, खळ आपोआप विरघळते, कापसाला धक्का नाही. "माझी पोरगी ह्याच्यावरच शिकते," असं त्यांनी शेठला सांगितल्याचं मला नंतर कळलं. हे त्यांनी सांगायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

पहिले काही लॉट सुरेख निघाले. मग एके दिवशी बाबा कापडाचा एक तुकडा घेऊन घरी आले आणि तो माझ्यासमोर दोन्ही हातांनी ओढला. वर्तमानपत्र फाटावं तसा तो टरकला.

"हे बघ आता," म्हणाले, आणि फाटलेल्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला. जागोजागी निळं झालं. खळ आहे तशी आहे आणि कापूस खलास. नेमकं उलटं. एन्झाइमने भात सोडून ताटच खाल्लं होतं.

शेठ माणूस वाईट नव्हता, पण पार्टीचं कापड फाटलं की कुठल्याही शेठचं डोकं फिरतं. तो बाबांना म्हणाला, "मास्टर, कपडा तो कागज हो गया. पंधरा दिवस देतो, त्या शनिवारपर्यंत मला सांगा हे कशाने झालं. नाही सांगता आलं तर तेजाब परत आणणार, आणि तुम्ही मानकोलीच्या गोडाऊनला बसा. तिथे पण भरोशाचा आदमी लागतोच." मानकोलीचं गोडाऊन म्हणजे कापडाच्या गाठी उतरवून घ्यायच्या आणि गाठी चढवून द्यायच्या. पगार तोच, पण लॅब नाही, काचेची भांडी नाहीत, थेंब नाही. बाबांनी बादलीत तोच एन्झाइम, तसंच कापड घेऊन पुन्हा प्रयोग केला. कापड ठणठणीत राहिलं. शेठ म्हणाला, "बादलीत काय, सगळंच होतं."

त्या शुक्रवारी मी क्लासमध्ये गेले. आठवडाभर मी दोन साखळ्या तयार केल्या होत्या, एक स्टार्चची, एक कापसाची. दोन्हींचे कोन मी स्वतः हाताने आकड्यांत लिहिले होते. आधी स्टार्च खाचेत ठेवला. आकडा वरच राहिला. प्रोग्रॅम साखळी जरा इकडे हलवे, जरा तिकडे हलवे, पण ती काही आत बसेना. मग कापसाची साखळी ठेवली. ती थोडी कुरकुरली आणि बसली. आकडा खाली गेला.

मी पडद्याकडे बघत राहिले. माझा एन्झाइम भात थुंकत होता आणि धोतर खात होता. कुठल्याही दुसऱ्या आठवड्यात मी हसले असते. पण बाबांच्या हातातला फाटका तुकडा हेच तर सांगत होता! बादली चूक, जिगर मशीन बरोबर, आणि माझा संगणक त्याच्या बाजूने साक्ष देत होता. मला खरं सांगायचं तर भीती वाटली आणि भीतीच्या खाली, लाज वाटावी इतकं, कुतूहलही वाटलं. हे खरं असेल तर पुस्तकं चुकीची होती!

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"तुला खात्री आहे का गं बाय?"

"नाही."

"मग मी शेठला काय सांगत नाय. तो रोज विचारतो, बेटी काय म्हणते. मी सांगतो, तिचं अजून शिजतंय." आणि पुन्हा जेवायला लागले. त्या दिवशी त्यांनी भात परत घेतला नाही, हे आईने मला नंतर सांगितलं.

सोमवारी संस्थेत मी आकडे माझ्या गाइड मॅडमपुढे ठेवले. त्या फार कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते दिवसभर टोचायचं. म्हणाल्या, "आत बसतं की नाही ते तू मोजलंस. साखळी तुटताना काय होतं, ते मोजलंस का?" आणि चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, "आणि ज्याला खायला जन्माला आला तेच तो खात नसेल, तर आधी वाढणाऱ्याला विचार." म्हणजे मलाच.

मी चिडूनच घरी आले. दोन दिवस आकडे तपासले, एकही चुकलेला नव्हता. बुधवारी सकाळी आई मोरीत बाबांचा शर्ट घासत होती आणि नेहमीची आरती चालू होती. "आयुष्यभर हा निळा डाग धुतेय मी. खांद्यावर पडत नाही, पाठीवर पडत नाही, बरोबर खिशावर. आणि कापडाला नाही चिकटत मेला, माझ्या खळीलाच चिकटतो."

ब्रश चालत होता आणि मी दारात चहाचा कप घेऊन उभी. खळीलाच चिकटतो. का चिकटतो, हे मला माहीत होतं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असतं. स्टार्चची साखळी सरळ नसतेच. मणी सगळे एकाच बाजूला तोंड करून असल्यामुळे ती आपोआप वळत जाते, स्प्रिंगसारखी गुंडाळी होते. त्या गुंडाळीच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं, म्हणून निळा रंग. कापसाची साखळी सरळ, तिला पोकळी नाही, म्हणून निळा रंग नाही. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि संगणकात मी स्टार्च बांधला होता तो कसा? ताठ. टोकापासून टोकापर्यंत ताणलेला.

का, याचं उत्तर द्यायला मला कुठे लांब जावं लागलं नाही. मी भिवंडीची. आमच्या गल्लीत दारादारातून लूम दिसायचे आणि लूमवर हजारो धागे, सगळे ताणलेले. धागा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे ताणाच येतो. कुठल्याही दुसऱ्या गावच्या मुलीने साखळी काढताना हात जरा सैल सोडला असता. मी साखरेलाही ताण्यावर चढवलं होतं. आणि माझा प्रोग्रॅम बिचारा आकडा जिकडे उतरतो तिकडेच जाणारा. मध्ये चढ आला की तिथेच बसणारा. ताठ साखळी वळवून गुंडाळी करणं त्याच्या बापाला जमलं नसतं.

मी आईच्या हातातून ओला शर्ट ओढून घेतला आणि तिचा मुका घेतला. "वेड लागलंय," आई म्हणाली, "दोघांनाही."

पुढच्या शुक्रवारी स्टार्च वळवून खाचेत ठेवला. तो असा बसला की जणू तिथेच राहायला होता. आकडा भराभर खाली गेला आणि क्लासच्या सरांनी उगाचच टाळी वाजवली. पण मॅडमचं टोचणं बाकी होतं. कारण कापसाची साखळीही थोडीफार बसतच होती. मग निवड होते कुठे? दारात होत नसेल, तर आत होते.

मी तुटायच्या क्षणाचं चित्र उभं केलं. साखळी तुटताना त्या जागच्या साखरेचं कडं, म्हणजे तो एक मणी, थोडं पिळावं लागतं. मी दोन्ही साखळ्यांचं कडं तसं पिळलं आणि पुन्हा हिशोब लावला. स्टार्चचा सांधा पिळला गेला तो थेट एन्झाइमच्या खाचेत पुढे आलेल्या एका टोकासमोर आला. कापसाचा सांधा पिळला गेला आणि पाठ करून उभा राहिला. ते टोक त्याच्यापर्यंत पोचेचना, आकडा पार वर गेला. मी ते टोक कशाचं आहे ते बघितलं, आणि खुर्चीत मागे टेकले.

ते ॲसिड होतं. एन्झाइमच्या पोटात सांधा तोडणारी गोष्ट ॲसिडच असते! तेजाब जे करतं तेच हाही करतो. फरक इतकाच, की तेजाब पाण्यात मोकाट फिरतं, समोर येईल ते तोडतं. इथे तेच ॲसिड एका जागी बांधून ठेवलेलं, आणि त्याच्यासमोर पाठ करून उभ्या राहिलेल्याला ते काही करू शकत नाही. इतक्या वर्षांचा माझा राग त्या खुर्चीत उतरला. एन्झाइमला काही कळत नव्हतं. कळायची गरजच नव्हती. त्याची घडणच तशी होती.

मी जवळजवळ पळत घरी आले. "बाबा, तुमचा एन्झाइम कापूस खात नाही. खाऊच शकत नाही. कापूस तुटला असेल तर मोकाट ॲसिडनेच तुटला."

"तेजाबाचे कॅन तर कधीच परत पाठवले." मग बाबा एकदम थांबले. "एक अर्धा कॅन मागे राहिला होता. जिगरवाल्याकडे." आणि त्यांनी पायात चपला घातल्या.

जिगर मशीन चालवणारा माणूस पूर्णा गावचा. आता तिथे रस्त्याला लागून गोडाऊनच गोडाऊन, तेव्हा भातशेती होती आणि शेताच्या कडेला त्याचं कौलारू घर. शुक्रवार, म्हणून तो घरीच होता, अंगणात जाळं विणत बसला होता. बाबांनी स्कूटर लावली आणि सरळ विचारलं. त्याने लपवलं नाही.

"टाकला व्हता जरासा," तो म्हणाला. "कोमट पान्यानं कुठं खळ निघतंय, मास्तर? आमी तर इतकी वर्सं तेजाबच बघितला. मला वाटलं, तुमचा नवा औशद फेल जाईल न् शेठ तुमाला बोलंल. म्हनून दोन मग टाकलं. तुमची इज्जत र्‍हावी म्हनून. मी काय वायट केलं न्हाय ना?"

बाबांना एका क्षणात सगळं कळलं. ते मलाही कळलं. तेजाबाने एन्झाइम मारून टाकला, म्हणून खळ राहिली. तेच तेजाब कापडात मुरलं, कापड सुकवायच्या तापत्या सिलिंडरवर तीव्र झालं आणि कापूस जाळून गेलं. बाबांचा शब्द पडू नये म्हणून टाकलेल्या दोन मगांनीच तो पाडला होता. मला त्या माणसाचा संताप आला. बाबा त्याच्या शेजारी ओट्यावर बसले आणि त्याच्या बायकोने आणलेला काळा चहा पिऊन आले.

शनिवारी ते शेठकडे गेले. मला वाटलं, आता सुटले. त्यांनी शेठला सांगितलं की मशीनमध्ये तेजाब राहून गेलं होतं, एन्झाइमचा दोष नाही, आणि मशीन नीट धुऊन घेणं हे लॅब मास्टरचं काम असतं, ते त्यांच्याकडून राहिलं. शेठने विचारलं, तेजाब राहिलं कसं? बाबा म्हणाले, "माझ्या हातून." शेठने एन्झाइम ठेवला आणि बाबांना मानकोलीला पाठवलं.

आईने त्या दिवशी भांडी आपटली. "खरं बोलायला काय झालं होतं? ज्याने टाकलं त्याला जाऊ द्या की!"

"त्याने माझ्यासाठी टाकलं," बाबा म्हणाले. "त्याला मी कसा काढायला लावू?"

मीही आईच्याच बाजूची होते आणि मी ते बोलले. बाबांनी माझ्याशी वाद घातला नाही. फक्त विचारलं, तो सांधा पाठ करून उभा राहतो म्हणजे नेमका कसा, ते कागदावर काढून दाखव. मी चिडचिड करत काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटा सुलटा करून बराच वेळ बघितला. "छान आहे," म्हणाले. "फार छान आहे गं."

माझी तोंडी परीक्षा झाली ती काही वर्षांनी. खुली होती, म्हणून आईबाबा आले, शेवटच्या बाकावर बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, साखळी ताठ धरणं चूक आहे हे तुमच्या कसं लक्षात आलं? मी शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि सांगितलं, "वडिलांच्या शर्टावरून." मग सगळी गोष्टच सांगितली, इंग्रजीत, जमेल तशी. लोक हसले, परीक्षकही हसले.

परतताना एसटीत बाबांनी विचारलं, "माझ्याकडे बघून काय सांगत होतीस? सगळे हसले ते."

"सांगितलं, बाबांच्या खिशावर निळा डाग असतो."

बाबांनी खाली मान घालून खिशाकडे बघितलं. शर्ट कडक खळीचा, पांढराशुभ्र. मानकोलीला गेल्यापासून त्या खिशात बाटली नव्हती. पलीकडून आई, जिने आयुष्यभर तो डाग घासला होता, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढं सांगणार होतीस तर आधी बोलायचंस. आज एक थेंब टाकून दिला असता."

बाबा मोठ्याने हसले. मी मात्र हसू शकले नाही. कल्याण नाका येईपर्यंत मी त्यांचा हात धरून रडत होते.